पूर्वेस तेली यांचे घर

कोकणात जमीन मोकळी सोडली की ती फार काळ मोकळी राहत नाही. पहिल्या पावसात टाकळा येतो, पुढे घाणेरी शिरते, मग करवंदीच्या जाळ्या, आणि काही वर्षांत तिथून कधी वाट होती हे सांगूनही पटत नाही. अलिबाग तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेरची इस्रायल लोकांची, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंची, दफनभूमी अशीच रानात गेली आहे. मे महिन्यात पोरं करवंदांसाठी आत घुसतात, एरवी सापांच्या भीतीने कुणी फिरकत नाही.

मी तिथे जाऊ लागले ती अश्दोदच्या एका बाईंमुळे. त्यांचा जन्म इस्रायलमधला, पण मराठी घरातली, आईकडून आलेली. कुणाच्या तरी ओळखीने त्यांनी मला फोन केला. पणजोबा याच गावचे, घरात तेलाचा घाणा होता, पुढे पणजोबा पलटणीत गेले, एवढंच त्यांना माहीत. बाकी त्यांच्याकडे होता तो मलिदा: गूळ-खोबऱ्याचे पोहे, वर फळं, आणि एलियाहू हनाबी या प्रेषिताचं नाव. नवस फेडायला आजही करतात म्हणाल्या. “तेवढं थडगं कुठे सापडतं का बघाल का हो, ताई?”

बेने इस्रायल इथे कसे आले याची कथा त्यांच्याच परंपरेतली. चौल बंदराच्या आसपास गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि किनाऱ्याला लागलेली प्रेतं त्यांनी नवगावला पुरली. म्हणजे या समाजाचा कोकणातला इतिहास सुरूच होतो दफनभूमीपासून. पुढे त्यांनी तेल गाळायचा धंदा धरला, धर्माने विश्रांतीचा वार म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवला, आणि लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या (आताच्या रायगडच्या) गॅझेटियरमध्येही हे नाव आहे.

कोयता घेऊन गडी आला, निम्मं रान काढलं, तेव्हा दगड दिसू लागले. शेवाळाने अक्षरं बुजलेली. आमच्या शेजारच्या नानींनी रांगोळी घासायचा सल्ला दिला. रांगोळी म्हणजे शेवटी दगडाचाच चुरा, तो दगडावर कोण घासणार! त्यापेक्षा पाणी शिंपडायचं आणि सकाळच्या तिरप्या उन्हाची वाट बघायची. अक्षरांच्या कडांवर सावली पडली की ‘वय वर्षे’ वाचता येतं. समाजी, हसाजी, अबाजी अशी नावं उमटायला लागतात. सॅम्युएलचा समाजी, एझिकेलचा हसाजी, अब्राहमचा अबाजी. आपल्याकडच्या चालीप्रमाणे मधलं नाव बापाचं, त्यामुळे एका दगडावरून मागच्या पिढीचा दगड शोधता येतो. बायकांच्या बाबतीत मात्र सगळंच अडतं. लग्न झालं की नवऱ्याचं नाव, माहेर दगडावर कुठेच नाही. वंशवृक्ष काढणाऱ्यांना हा त्रास सगळ्याच जातींत होतो, पण कबरीपाशी उभं राहून तो जास्त बोचतो.

एका छोट्या दगडाचा मराठी भाग फुटला होता, हिब्रू ओळ तेवढी शाबूत. अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, आहे, तिथल्या एका वयस्कर गृहस्थांनी फोटोवरून ती वाचून दिली. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. ताव म्हणजे ४००, रेश २००, आयिन ७०, तेत ९. बेरीज ६७९. वरचे पाच हजार लिहायची गरज नसते, म्हणून वर्ष ५६७९. या ६७९ मध्ये १२४० मिळवले की इसवी सन येतो, १९१९. पण त्यांचं नवं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात लागतं आणि दगडावर महिना हेश्वान, म्हणजे वर्षाचा दुसराच, होता, म्हणून एक वजा. ऑक्टोबर १९१८. इन्फ्लुएंझाने मुंबई इलाख्यात माणसं मेली तोच महिना. त्या एका दगडाखाली दोन भावंडं होती. बाईंना मी हे फोनवर सांगितलं. त्यांच्या आजोबांना आणखी दोन भावंडं होती, हे त्यांच्या घरात कुणी कधी बोललंच नव्हतं.

पणजोबांचं थडगं सापडलं नाही. पलटणीतला माणूस, पेन्शन घेऊन कुठे स्थायिक झाला असेल कोण जाणे. सातबारावर आणि फेरफारांत शोधलं, तर जमीन विकली तिथे नावाला कंस, म्हणजे नाव कमी झालेलं, पुढे काही नाही. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, मोडीत ‘शनवार तेली’ अशा जातीखाली काही मृत्यू, कारण बहुतेकांचं ‘ताप’.

मग एकदा घरच्याच पेटीत आमच्या पणजोबांचं खरेदीखत हाताला लागलं. चतुःसीमा लिहिलेली: पश्चिमेस वहिवाटीची वाट, दक्षिणेस सामाईक विहीर, पूर्वेस हसाजी तेली यांचे घर व घाण्याची जागा. ज्या घराच्या शोधात मी रान तुडवत होते ते आमच्या कुंपणापलीकडे होतं. त्यांचे स्वतःचे कागद गेले होते, पण शेजाऱ्यांच्या कागदांत ते हद्द म्हणून राहिले होते. तिथून पुढे मी कबरी सोडून लोकांच्या पेट्यांमागे लागले. अलिबागेत कुणाकडे जुने कागद मागणं म्हणजे काय, हे जमिनीचे भाव ठाऊक असणाऱ्यांना सांगायला नको. “कुणाचा दावा आहे का?” हा पहिला प्रश्न, आणि चहा त्याच्या उत्तरावर अवलंबून. तरी दोन घरांनी पेट्या उघडल्या. एकीकडे हसाजी उत्तरेस निघाला, दुसरीकडे त्याच जागेवर पुढच्या पिढीत समाजी हसाजी. घर कोणत्या भावाकडे गेलं आणि कुठल्या सालापर्यंत टिकलं, ते शेजाऱ्यांच्या हद्दी जोडत जोडत बरंचसं जमलं.

नानी म्हणाल्या, “अगो, आमच्या सासूबाई दिव्याला उंडीचं तेल तिथूनच आणायच्या. शनवारी संपलं तर अंधारात बसायचं.” ही गोष्ट त्यांनी मला आधी का सांगितली नाही? मी विचारलंच नव्हतं, म्हणे. आता त्या जागेवर मुंबईच्या कुणाचा तरी बंगला आहे. पुढच्या खरेदीखतात पूर्वेस पोहण्याचा तलाव असं लिहावं लागेल.

दगडाखालच्या त्या दोन भावंडांच्या आईचं माहेर अजून लागलेलं नाही. शेजारच्या गावचं कोतवाल बुक बघायचं आहे, तलाठ्यांनी गणपती झाल्यावर या म्हणून सांगितलंय. बाईंना कबरींचे फोटो पाठवायचे होते, पण त्या म्हणाल्या, ते सावकाश पाठवा, आधी सामाईक विहिरीचा पाठवा. विहिरीवर आता पंप आणि निळी टाकी आहे, चालेल का विचारलं. चालेल म्हणाल्या, फक्त टाकी मध्ये येऊ देऊ नका.