आल्केफ्येलेटचा कडा

आल्केफ्येलेट दिसायच्या आधी नाकाला कळतो. मासे खाणाऱ्या हजारो पक्ष्यांच्या विष्ठेचा तो वास धुक्यातही वाट चुकत नाही. मग येतो आवाज, एक सलग घरघर. कडा सगळ्यात शेवटी.

ही जागा नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, हिनलोपेन सामुद्रधुनीच्या काठी, ७९ अंश उत्तरेच्याही वर. डोलेराइटचे, म्हणजे बेसॉल्टसारख्या गडद खडकाचे, खांब थेट पाण्यातून उठलेत. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्यांना त्यांची ठेवण ओळखीची वाटेल. फरक इतकाच की इथे प्रत्येक कपारीवर ब्रुनिख गिलेमॉट नावाचे समुद्रपक्षी खेटून उभे. सुमारे ६०,००० जोड्या. घरटं वगैरे भानगड नाही. उघड्या दगडावर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं, निळसर-हिरवं, त्यावर काळ्या रेघोट्या.

आमच्या रबरी होडीच्या डोक्यावरच्या कपारीत एक जण उतरला. उतरला कसला, आपटला. चोचीत लांबीच्या दिशेने धरलेला मासा आणि चोचीच्या कडेला ती पांढरी रेघ. किलोभराचा देह आणि एवढेसे पंख, त्यामुळे उडताना याची इतकी शक्ती खर्च होते की पक्ष्यांत दुसरा जोड सापडणं कठीण. पाण्याखाली मात्र त्याच पंखांनी तो शंभर मीटरहून खोल जातो.

पिल्लं तर अजबच. जेमतेम तीन आठवड्यांची, उडता येत नाही, तरी कड्यावरून खुशाल उडी मारतात. खाली बाप हाका मारत असतो. आई नाही, बापच पुढे त्याला समुद्रात सांभाळतो. एक पिल्लू आमच्या देखत पाण्याऐवजी दगडांवर पडलं, दोनदा उलटंपालटं झालं आणि तुरुतुरु पाण्याकडे पळालं. त्याच्या मागून आलेलं मोठ्या कुरव पक्ष्याने उचललं. कोल्हाही तिथेच घुटमळत होता.

एवढी गर्दी बघून इथे काही बिघडलंय असं वाटत नाही. पण स्वालबार्डमधले हे पक्षी १९९० च्या दशकापासून घटत आलेत. कड्याला धक्का लागलेला नाही, खालचं पाणी बदलतंय. अटलांटिकचं कोमट पाणी उत्तरेकडे सरकतंय, बर्फ मागे हटतोय आणि त्याच्या आधाराने राहणारा पोलर कॉड हा मासाही. मासा लांब गेला की फेरी लांबते, आणि लांबलेली फेरी या आखूड पंखांना परवडत नाही.

नॉर्वेने २०२५ पासून नियम आवळलेत: संरक्षित भागात जहाजावर २०० पेक्षा जास्त प्रवासी नकोत, ठरावीक पक्षीकड्यांपासून ५०० मीटरच्या आत विणीच्या काळात वेग ५ नॉटपेक्षा जास्त नको. आणखी कडक केले तरी माझी हरकत नाही. फक्त कॉड त्याने परत येणार नाही, आणि आम्हीही तिथवर डिझेल जाळतच पोचलो होतो.

कुणाला जायचंच असेल तर जुलैचा शेवट गाठा. ऑगस्ट अर्धा सरला की बाप-लेकरं पोहत दूर निघून गेलेली असतात.