रॅम वाढवली आणि रांगही वाढली

सोमवारी सकाळी ठाणे स्टेशनवर ट्रान्सहार्बरच्या लोकलची वाट बघत होतो, तेवढ्यात फोन वाजला. रुग्णालयाच्या नोंदणी काउंटरवरच्या ताई. एरवी त्या हेल्पडेस्कला फोन करतात, सर्व्हर सांभाळणाऱ्या मला थेट कधीच नाही.

"दादा, एक केसपेपर काढायला चार-चार मिनिटं लागतायत. रांग गेटबाहेर गेलीय. शहापूरहून पहाटे निघालेले एक आजोबा केव्हाचे ताटकळलेत. शुक्रवारी तरी बरं चाललं होतं हो!"

त्या शेवटच्या वाक्याने पोटात गोळा आला. शुक्रवार आणि सोमवारच्या मध्ये एकच गोष्ट झाली होती, आणि ती मीच केली होती. रुग्णालयाचा डेटाबेस महापे एमआयडीसीतल्या डेटा सेंटरमध्ये आमच्या दोन ईएसएक्सआय होस्टांपैकी, म्हणजे अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या सर्व्हरांपैकी, एकावर चालतो. प्रत्येक होस्टला 256 जीबी रॅम. डेटाबेसची व्हीएम, म्हणजे होस्टवरचा तिचा आभासी संगणक, मात्र 16 जीबीची, आणि गेले काही महिने तिला धाप लागत होती. म्हणून रविवारी रात्री ती बंद करून 64 जीबी केली, एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची मेमरीची कमाल मर्यादा 56 जीबीवर नेली, दोनदा लॉगिन करून पाहिलं आणि झोपलो.

घणसोलीला उतरून रिक्षा केली. वाटेत नव्या सहकाऱ्याला सांगितलं, ती व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलव. मला संशय एखाद्या डिमचा, म्हणजे रॅमच्या पट्टीचा होता. डिम खराब व्हायला लागली की ईसीसी हे रॅममधलं चूक-दुरुस्तीचं तंत्र चुका दुरुस्त करत बसतं आणि त्या ओघाने आल्या तर सगळा सर्व्हर रेंगाळतो. मी पोहोचेपर्यंत व्हीएम हलली होती.

"सर, काही फरक नाही. तिथेही तसंच."

सर्व्हरच्या हार्डवेअर लॉगमध्ये मेमरीची एकही तक्रार नव्हती. होस्टांवर नजर ठेवणाऱ्या व्हीसेंटरमध्ये दोन्ही होस्ट निम्म्याहून कमी भरलेले, एकही अलार्म नाही. दुखणं होस्टचं असतं तर व्हीएम तिथून हलवल्यावर थांबलं असतं. ते व्हीएमच्या पाठोपाठ दुसऱ्या घरी गेलं होतं.

मग व्हीएमच्या आत शिरलो. टास्क मॅनेजर म्हणत होता 58 जीबी वापरात. पण प्रोसेसची यादी लावून बेरीज केली तर 14 जीबीसुद्धा भरेना. ज्याला 56 ची मुभा दिली, तो एसक्यूएल सर्व्हर जेमतेम 11 जीबी घेऊन अंग चोरून बसलेला. चाळीसहून जास्त जीबी कुणाच्याच नावावर नव्हते.

होस्टवर ईएसएक्सटॉप हे ताजे आकडे दाखवणारं साधन उघडून मेमरीचा पडदा लावला. वरच्या ओळीत होस्टची स्थिती 'हाय', म्हणजे कोठार भरलेलं आहे, कुणाकडून काही काढून घ्यायची गरज नाही. खाली आमच्या व्हीएमच्या ओळीत बलूनचा आकडा 42,598 एमबी. कॅल्क्युलेटर काढला. 64 जीबी म्हणजे 65,536 एमबी, त्याचे 65 टक्के केले तर बरोबर हाच आकडा येतो. आणि 65 टक्के ही ईएसएक्सआयमध्ये बलून जास्तीत जास्त फुगण्याची मूळ मर्यादा आहे. आणखी फुगायला जागा उरली नव्हती म्हणून तो तिथे थांबला होता. शेजारच्या रकान्यात स्वॅपमधून वाचनाचा आकडा सारखा हलत होता, म्हणजे मेमरीची काही पानं, तिचे छोटे तुकडे, डिस्कवरून परत आणली जात होती.

बलून म्हणजे व्हीएमवेअर टूल्सबरोबर येणारा एक ड्रायव्हर. होस्टला मेमरी परत हवी असली की तो व्हीएमच्या आत फुगतो, विंडोजकडून पानं मागून घेतो आणि होस्टच्या हवाली करतो. विंडोजला वाटतं, कुणीतरी खरंच वापरतंय. मेमरी आटली असा इशारा मिळाला की एसक्यूएल सर्व्हर आपली कॅश, म्हणजे मेमरीत हाताशी ठेवलेला डेटा, सोडून देतो आणि प्रत्येक चौकशीला डिस्क गाठायला लागतो. काउंटरवरची ती चार मिनिटं इथून येत होती.

पण भरल्या कोठाराच्या घरात हा एकटाच उपाशी का? उत्तर व्हीएमच्या सेटिंगमध्ये, मेमरीची बारीक ओळ उलगडल्यावर दिसलं. लिमिट: 16384 एमबी, म्हणजे 16 जीबी. होस्टवर कितीही रॅम मोकळी असो, या व्हीएमला त्याहून जास्त खरी रॅम मिळणार नाही.

ही व्हीएम ज्या टेम्प्लेटवरून, म्हणजे तयार साच्यावरून, बनवली होती, तो एका चाचणीसाठी तयार केलेला होता आणि त्यात लिमिट घातलेलं होतं. रॅम 16 जीबी होती तोवर 16 च्या कुंपणाने कुणाचं काही अडत नव्हतं. मी रॅम 64 केली, कुंपण होतं तिथेच राहिलं. आतल्या विंडोजला 64 दिसत होते, प्रत्यक्षात मिळत होते 16. मधल्या 48 जीबींपैकी जवळपास 42 बलूनने खाल्ले, उरलेल्या सहाएकांची सोय होस्टला पानं दाबून किंवा डिस्कवर टाकून करावी लागत होती. म्हणूनच रविवारपेक्षा सोमवार वाईट. माझं मत पक्कं आहे: व्हीएमला कमी मेमरी द्यायची तर सरळ कमी द्या, दाखवायची 64 आणि द्यायची 16 हा खोटेपणा यंत्रालाही झेपत नाही.

लिमिट 'अनलिमिटेड' केलं. त्यासाठी व्हीएम बंद करावी लागत नाही. बलूनचा आकडा उतरताना बघत बसलो: 42 हजार, 37, 29, 12, मग शून्य. स्वॅपमध्ये गेलेल्या पानांचा आकडा तसाच राहिला. सहकारी काळजीत पडला, तेव्हा त्याला सांगितलं की ती पानं कुणी हात लावल्याशिवाय परत येत नाहीत, बघायचं ते वाचनाच्या वेगाकडे. तो शून्यावर आला होता.

ताईंना फोन लावला. मागे प्रिंटरचा आवाज सलग ऐकू येत होता. "निघतायत, पटापट निघतायत," त्या म्हणाल्या. आजोबांचं विचारलं. त्यांना आत पाठवलं होतं, डॉक्टरांपाशी नंबर लागला होता.

संध्याकाळी दोघांनी मिळून सगळ्या 43 व्हीएमची यादी काढली आणि लिमिटचा रकाना वरून खाली वाचला. आणखी 6 ठिकाणी तोच 16384. टेम्प्लेट आधी दुरुस्त केला, मग एकेक व्हीएम. सहावी त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची होती, आणि येत्या रविवारी तिची रॅम 32 करायची, असं मी माझ्याच हाताने कॅलेंडरमध्ये लिहून ठेवलं होतं.