भाडेकरू त्रास देत नाही का?

नाशिकला पाथर्डी फाट्याला माझा एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे हे कळलं, की लग्नकार्यातसुद्धा कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतंच, "काका, भाडेकरू त्रास देत नाही का हो? आम्हीपण एक घेऊन ठेवावा म्हणतोय." हल्ली त्याला शेपूट असतं, "कुंभमेळा येतोय ना!"

शेपटापासूनच सुरुवात करतो. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला. त्यामुळे एरवी वर्षभर तिथे राहायला कोण येणार, ते बघून जागा घ्या. अंबडच्या कंपनीतला माणूस सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा बघतो. आडगावकडे मेडिकल, इंजिनिअरिंगची पोरं. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठाला स्वस्तात मिळत असेल तर आधी पूररेषा बघा. 2016 च्या ऑगस्टात पाणी कुठवर चढलं होतं, ते शेजारचा दुकानदार बोटाने दाखवील.

हिशोबही करा. समजा फ्लॅट 45 लाखांचा आणि भाडं 12 हजार. वर्षाचे 1 लाख 44 हजार, म्हणजे धड सव्वातीन टक्केसुद्धा नाहीत. त्यातून घरपट्टी, मेंटेनन्स, रंगकाम आणि एखादा रिकामा महिना वजा. भाड्यात हप्ता भागेल ही आशा सोडूनच या भानगडीत पडावं.

आता करार. एजंट सांगेल, "अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी पुरे." मुळीच पुरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हा भाड्याचा करार, लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. करार नीट असेल तर मुदत संपूनही न हलणाऱ्याविरुद्ध कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि मुदतीनंतरच्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं. एवढ्यासाठी खर्च किती? वरच्या भाड्याला, पन्नास हजार डिपॉझिट धरलं तर मुद्रांक शुल्क पाचशेच्या आत आणि शहरात नोंदणी फी 1,000. एजंट घरी येऊन अंगठे घेऊन जातो, त्याचे पैसे वेगळे. तेवढे वाचवणारे लोक डिपॉझिटपेक्षा महागडा सोफा घेतात, हे मी बघितलंय.

चावी देताना मी भाडेकरूला बरोबर घेऊन घरभर फिरतो. विजेच्या मीटरचं रीडिंग, सिंकखालचा पाईप, बाल्कनीचं पावसात फुगलेलं दार, भिंतीतली जुनी भोकं, सगळ्याचे फोटो काढून तिथल्या तिथे त्याच्या व्हॉट्सॲपवर टाकतो. मग बाथरूमचे नळ पूर्ण सोडून खालच्या मजल्यावर जातो आणि त्यांच्या बाथरूमचं छत बघतो. फरशीच्या सांध्यातलं व्हाइट सिमेंट सुटलं असेल तर तिथे ओल दिसू शकते. खालच्या वहिनींना आता सवय झालीय, मी वर बघत उभा असतो तोवर त्या चहा टाकतात. डिपॉझिट परत देताना जी जुंपते ती याच गोष्टींवरून: खिळे कुणी ठोकले, गीझर आधीच गळत होता का.

पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायचीच, त्यात भीड बाळगू नका. महावितरणचं बिल तुमच्या नावावर असतं, तेव्हा ग्राहक क्रमांक टाकून दर महिन्याला स्वतः बघा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल; ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, जास्त आलं तर सेक्रेटरीला लेखी विचारा.

राहिला भाडेवाढीचा प्रश्न. वेळेवर पैसे देणारा, भिंती नीट ठेवणारा भाडेकरू हजार रुपये वाढवले म्हणून निघून गेला आणि घर महिनाभर रिकामं पडलं, तर त्या हजाराची वर्षभराची कमाई तिथेच संपली. नव्या एजंटची दलाली आणि रंगाचा डबा वेगळाच. मी पाचशे मागतो. तो तीनशे म्हणतो. चारशेवर मिटतं.