‘पासिंग लागत नाही’ म्हणजे नेमकं काय? ई-सायकल घेतानाचा माझा अनुभव

साताऱ्यात लेकीचा दहावीचा क्लास पोवई नाक्यावर आणि आमचं घर राजवाड्याच्या वर, मंगळवार पेठेत. जाताना उतार, येताना चढ. दप्तर घेऊन साध्या सायकलवर तो चढ चढून आली की पोरगी अभ्यासाला बसायच्या लायकीची राहत नाही. स्कूटर द्यावी तर वय 15. म्हणून इलेक्ट्रिक सायकल बघायला लागलो.

पहिल्याच दुकानात ऐकलं, "लायसन नाही, पासिंग नाही, इन्शुरन्स नाही. घ्या की बिनधास्त." आणि मग आवाज खाली आणून, "एक वायर काढून देतो, 45नं पळती. सगळेच काढून नेत्यात." समोर उभी होती ती नुसती नावाची सायकल, पेडल शोभेपुरतं, बाकी सगळी स्कूटरच. नमस्कार करून बाहेर पडलो.

ओळखीच्या एका मोटार वाहन निरीक्षकांना विचारलं. ते म्हणाले, "दादा, कागद लागत नाही हे सिद्ध करणारा एक कागद लागतो, तो आधी मागा." केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 2(यू) नुसार मोटारची 30 मिनिटांची क्षमता (म्हणजे सलग अर्धा तास देता येईल अशी ताकद) 0.25 किलोवॅटपेक्षा कमी हवी आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत. पेडल असिस्टच्या, म्हणजे पेडल मारताना मोटार मदत करते अशा, सायकलला ताशी 25 किलोमीटर वेग आला, किंवा पाय थांबले, की मोटारनं बंद पडायला हवं. धड ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवेत. हे सगळं पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेनं तपासलेलं असेल तरच ती सायकल. यातलं काही ओलांडलं की ती मोटार वाहन: नोंदणी, हिरवी नंबर प्लेट, लायसन, विमा, हेल्मेट, सगळं आलं.

म्हणजे ती वायर काढली असती तर मी माझ्या 15 वर्षांच्या मुलीच्या हातात बिनानोंदणीची गाडी दिली असती. अल्पवयीनानं मोटार वाहन चालवताना गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199 अ खाली पालकाला 25 हजार दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुकानदार तेव्हा कुठे असतो? मे 2022 मध्ये परिवहन खात्यानं असे फेरफार केलेल्या ई-बाइकविरुद्ध राज्यभर मोहीम काढली होती, तरीही हा धंदा उघड चालूच आहे, याचं नवल वाटतं.

नंतरच्या दुकानांत मी आधी टाइप अप्रूव्हलच, म्हणजे मान्यताप्राप्त संस्थेनं ते मॉडेल तपासल्याचं प्रमाणपत्रच, मागायचो. कुणी "कंपनीकडून मागवतो" म्हणायचं, कुणी वॉरंटी कार्डच पुढे सरकवायचं. शेवटी एका दुकानात प्रमाणपत्राची प्रत मिळाली. त्यावरचं मॉडेल, चाकाच्या हबवर कोरलेली क्षमता आणि बिलावरचं मॉडेल, तिन्ही ताडून बघितली. बिलावर नुसतं ‘ई-सायकल’ लिहिलं होतं, तिथं पूर्ण नाव लिहून घेतलं.

मग लेकीलाच चालवायला दिली. सपाटीला डिस्प्लेवर 24, 25 दिसलं आणि मोटारची घरघर विरत गेली. पुढे जायचं तर पायांनीच. ब्रेकची मूठ जराशी दाबली तरी मोटार बंद होते का, हे मुद्दाम बघितलं. आमच्यासाठी तेच महत्त्वाचं, कारण उतारावर सायकल मोटारशिवायही 25च्या वर जाते आणि तिथं नियम नाही, ब्रेकच कामाला येतो. चढाला मोटार आयतं वर नेत नाही, पेडल मारावं लागतंच. पण आता ती धापा टाकत येत नाही.

हेल्मेट कायद्यानं या सायकलला सक्तीचं नाही. आमच्या घरात आहे. "बाबा, सायकलवर कुणी घालतं का?" यावर दोन दिवस तोंड फुगवून झालं.

चार्जिंगचे नियम आईनं, म्हणजे तिच्या आजीनं, करून टाकलेत: सोबत आलेलाच चार्जर, बॅटरी गार झाल्यावरच लावायची, स्वयंपाकघरात नाही आणि रात्री सगळे झोपल्यावर तर अजिबात नाही. प्रमाणपत्राची प्रत आणि बिल सीटखालच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये असतं. पुढचा दिवा मात्र फार मिणमिणता आहे. क्लास सुटतो तेव्हा अंधार असतो, म्हणून हँडलला वेगळा दिवा लावून घेतलाय.