मुलांच्या वेळेत बसणारे काम : फोंड्यातील माझा अनुभव

मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे आणि धाकट्या मुलाच्या जन्मापर्यंत पणजीतील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करत होते. फोंड्याहून पणजी सुमारे 30 किलोमीटर आहे. फर्मागुढी, म्हार्दोळ, बाणस्तारी, जुने गोवे असा तो रस्ता रोज कदंबच्या बसने करावा लागे आणि पावसाळ्यात घरी पोहोचण्याच्या वेळेचा भरवसा नसे. मोठी मुलगी लहान असताना सासूबाई आमच्याकडे राहत होत्या, म्हणून हे निभावले. पुढे सासऱ्यांची प्रकृती खालावली आणि सासूबाईंना वाळपईला परतावे लागले. तिथे काजूची बाग आहे, आणि मार्च ते मे या हंगामात त्यांना एक दिवसही हलता येत नाही. माझे यजमान वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करतात, त्यामुळे त्यांची वेळ दर आठवड्याला बदलते. दोन मुलांच्या जेवणाच्या, झोपेच्या आणि शाळेच्या वेळा मात्र बदलत नाहीत.

मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा दिली, आणि ती मला विनातक्रार मिळाली. रजा संपल्यानंतर काय, हा प्रश्न मात्र उरतो. कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतरही काही काळ घरून काम करता येईल, अशी तरतूद त्याच दुरुस्तीत आहे. पण ती मालक आणि कर्मचारी यांच्या परस्पर संमतीवर सोडलेली आहे. पाळणाघराची सक्ती 50 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाच आहे, आणि गोव्यातील बहुतेक लहान कचेऱ्यांप्रमाणे आमची कचेरीही त्या आकड्याच्या खाली होती. मी घरून काम करण्यासाठी लेखी अर्ज केला. 2020 च्या टाळेबंदीत हेच काम, याच सॉफ्टवेअरवर, आम्ही सर्वांनी घरून केले होते आणि वर्षअखेरचा ताळेबंदही वेळेवर दिला होता, हे त्यात नमूद केले. उत्तर नकारार्थी आले. कायद्याने त्यांना तो अधिकार दिलेला होता, म्हणून मी वाद घातला नाही, पण त्या नकाराचे दुःख मला अजूनही आहे, कारण तो कामाच्या गरजेतून आलेला नव्हता. राजीनामा देऊन मी घरी बसले आणि मुलगा रांगू लागल्यावर काम शोधायला लागले.

‘घरबसल्या काम’ या शब्दांनी शोध घेतला की प्रथम जे समोर येते त्याविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. डेटा एन्ट्रीच्या नावाखाली नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणारे संदेश येतात; काही जण आधी करारावर सही घेतात आणि नंतर ‘अचूकता कमी भरली’ असे सांगून वकिलाच्या नोटिशीची भीती दाखवून पैसे उकळतात. टेलिग्रामवर व्हिडिओला पसंती देण्याचे ‘टास्क’ देऊन सुरुवातीला थोडे पैसे पाठवणारे आणि मग मोठी रक्कम भरायला लावणारेही असतात. काम देणारा कधीही काम घेणाऱ्याकडून पैसे मागत नाही, एवढी एकच कसोटी मी लावली आणि असे सारे संदेश बाजूला सारले. आमच्या वाड्यावरील एका मुलीचे पैसे गेले तेव्हा आम्ही तातडीने 1930 या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर कळवले. या बाबतीत लवकर कळवण्याला फार महत्त्व आहे, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळवली जाण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते.

वर्तमानपत्रातील जाहिरातींत ‘अर्धवेळ’ म्हणून जे मिळत होते ते बहुधा दुकानातील संध्याकाळची पाळी किंवा हॉटेलच्या स्वागतकक्षातील काम असे. मुले घरी असतात नेमकी तीच ती वेळ. मुलीची शाळा सकाळची, दुपारी एकच्या सुमारास सुटणारी. म्हणजे मला हवे होते ते सकाळचे तास आणि मुले झोपल्यानंतरचा थोडा वेळ. अर्धवेळ नोकरी आणि वेळ स्वतः ठरवता येणारे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या जाहिराती वाचतानाच उमगले. त्यानंतर मी शोधाची दिशा उलटी केली. ठरलेल्या तारखेला पूर्ण व्हावेच लागते, परंतु दिवसाच्या कोणत्या प्रहरी करावे याचे बंधन ज्याला नाही, असे माझ्या हातात कोणते कौशल्य आहे, हा विचार केला. उत्तर माझ्या जुन्या कामातच होते.

जीएसटीचे काम करणाऱ्यांचा महिना तारखांनी बांधलेला असतो. 7 तारखेला टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर भरायचा, 11 ला विक्रीचे विवरण म्हणजे जीएसटीआर-1, 14 ला पोर्टलवर जीएसटीआर-2बी म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी तयार होते, तिच्याशी खरेदीची बिले ताडून पाहायची आणि 20 पर्यंत 3बी म्हणजे महिन्याचा कर भरण्याचे विवरण दाखल करायचे. 2022 च्या आरंभापासून जे बिल 2बी मध्ये दिसत नाही त्याच्या कराची वजावट दुकानदाराला घेता येत नाही, त्यामुळे ही ताडणी निगुतीने करणारे माणूस प्रत्येक कर सल्लागाराला हवे असते. हे काम सकाळी नऊला केले काय आणि रात्री दहाला केले काय, विवरणात फरक पडत नाही. वरच्या बाजारातील औषधांची, हार्डवेअरची, किराण्याची दुकाने पूर्णवेळ हिशेबनीस ठेवू शकत नाहीत. त्यांची कागदपत्रे चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीत साठतात आणि 10 व 18 तारखेच्या आसपास तिथे श्वास घ्यायला फुरसत नसते. मी अशा कचेऱ्यांत स्वतः जाऊन विचारू लागले, आणि जाताना मुद्दाम महिन्याचे शेवटचे दिवस निवडले, कारण त्या वेळी त्यांच्याकडे बोलायला सवड असते.

फोंड्यातील एका ज्येष्ठ चार्टर्ड अकाउंटंटनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. “बाई, मला तुमच्या तासांशी कर्तव्य नाही. 9 तारखेला विक्रीच्या नोंदी आणि 17 ला ताडणी माझ्या टेबलावर हवी. जमेल?” असे त्यांनी विचारले. मी जमेल म्हटले, परंतु त्याआधी एका औषध दुकानाचे काम परीक्षेसाठी घेऊ द्या आणि त्याचे पैसे द्या, अशी विनंती केली. औषध दुकानाचे हिशेब किचकट असतात : मुदत संपलेला माल परत जातो, त्याची रक्कम वजा केल्याच्या चिठ्ठ्या म्हणजे क्रेडिट नोटा उशिरा येतात, एकाच बिलात वेगवेगळे दर असतात. ते काम बिनचूक झाल्यावर माझ्याकडे आणखी दुकाने आली. मोबदला तासांवर न ठेवता दुकानातील नोंदींच्या संख्येवर ठेवण्याचा आग्रह मी धरला, कारण मूल मध्येच उठले तर तास मोजता येत नाहीत, नोंदी मात्र मोजता येतात.

आम्ही एक पानी करारपत्र केले आणि माझ्या मते साऱ्या प्रक्रियेतील हीच सर्वांत मोलाची गोष्ट ठरली. दुकानदाराने बिले महिन्याच्या 5 तारखेपर्यंत द्यायची, दुपारी एक ते चार मी फोन घेणार नाही, मोबदला पुढच्या महिन्याच्या 10 तारखेला मिळेल, आणि उशिरा आलेल्या बिलांमुळे विलंब शुल्क लागले तर ते माझ्याकडून वसूल होणार नाही, असे त्यात लिहिलेले आहे. चतुर्थीचा उल्लेखही मी आग्रहाने घालून घेतला. 2023 मध्ये चतुर्थी 19 सप्टेंबरला आली आणि 3बी ची मुदत 20 ला होती. माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची सजावट) बांधायच्या, नेवऱ्या तळायच्या दिवसांत, सगळे कुटुंब वाळपईच्या मूळ घरी जमलेले असताना, कुणी ताडणी करत बसू शकत नाही. त्या महिन्यात दुकानदारांना बिले आधीच देण्यास पत्राने कळवले, आणि 2बी हाती येताच 16 तारखेपर्यंत काम संपवून आम्ही वाळपईला गेलो.

आता ज्या गोष्टीविषयी मला सर्वांत अधिक पोटतिडकीने सांगायचे आहे तिच्याकडे येते. घरून काम मिळाले म्हणजे मुले सांभाळण्याचा प्रश्न सुटला, असे आमच्या नात्यातील जवळजवळ प्रत्येकाने गृहीत धरले होते. दोन वर्षांचे मूल जवळ असताना बिले ताडता येत नाहीत. ते शक्य आहे असे भासवणे हा त्या मुलावर आणि त्या कामावर, दोहोंवर अन्याय आहे. अंगणवाडीत शाळापूर्व शिक्षणासाठी मूल तीन वर्षांचे झाल्यावर घेतात, त्यामुळे तोवर दुसरी सोय हवी होती. आमच्या शेजारी राहणाऱ्या एका मावशींनी सकाळचे चार तास मुलाला सांभाळायचे कबूल केले. त्या ‘घरचेच तर आहे’ म्हणून पैसे नको म्हणत होत्या, परंतु मी ते मान्य केले नाही. त्यांचा महिन्याचा मोबदला, त्यांच्या सुट्या आणि त्यांना बरे नसेल तर काय करायचे, हे सारे आधी ठरवले. सुरुवातीच्या काळात माझ्या मिळकतीचा मोठा भाग त्यातच जात असे आणि ‘मग काम कशाला करायचे?’ असे मला विचारले गेले. दुसऱ्या स्त्रीचे श्रम फुकट घेऊन माझ्या श्रमांचे पैसे होणार असतील, तर ते मला नको होते. शिवाय कामातील खंड जितका लांबतो तितके परत येणे अवघड होते, हेही मला दिसत होते.

वेळ आपल्या हातात असते, पण ती एका मर्यादेपर्यंतच. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले आणि बहुतेक औषधे 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आली, तेव्हा प्रत्येक औषध दुकानाच्या मालाचे दर सॉफ्टवेअरमध्ये त्याच सुमारास बदलावे लागले. त्या आठवड्यात यजमानांनी रात्रपाळी बदलून घेतली, मुलीने धाकट्याला गोष्टी वाचून दाखवल्या आणि मी पहाटे उठून काम केले. अशा आठवड्यांची पूर्वकल्पना घरातील सर्वांना देऊन ठेवावी लागते.

पैशांच्या बाजूचे दोन तपशील उपयोगी पडतील. माझ्या फीमधून 10 टक्के टीडीएस कापला जातो. एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असल्यामुळे विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळतो, म्हणून विवरणपत्र भरणे टाळू नये. सेवा देणाऱ्याला वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती सर्वसाधारणपणे नाही, त्यामुळे माझ्यासारखीला तो व्याप नाही.

नोकरीत असलेली भविष्य निर्वाह निधीची, पगारी रजेची आणि आजारपणाची सोय मात्र या कामात नाही. त्यासाठी मी पीपीएफचे (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे) 15 वर्षांचे खाते उघडले आहे. मुलांना ताप आला तर काय, याचे उत्तर अलीकडे मिळाले : त्याच कचेरीसाठी कुर्टी येथून काम करणारी आणखी एक आई मला भेटली, आणि गरज पडल्यास आम्ही एकमेकींची दुकाने सांभाळायची असे ठरवले. दोघींच्याही करारपत्रात तसे कलम घालण्यास कचेरीने होकार दिला आहे. येत्या जूनमध्ये नवीन करारपत्र होईल तेव्हा ते कलम त्यात असेल, आणि बदली काम करणारीला त्या महिन्याचा मोबदला थेट मिळेल, असेही त्यात लिहायला आम्ही सांगितले आहे.