पिकअप बदलायच्या आधी

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज शेवटी स्वतःची इलेक्ट्रिक गिटार खांद्याला लावूनच दुकानात गेलो. डोंबिवलीहून फास्ट लोकल, सीएसएमटीला उतरून चालत धोबीतलाव. फुर्टाडोसचं दुकान कित्येक वर्षं बघतोय, १८६५ पासूनचं आहे ते, पण आजवर नुसत्या तारा आणि वाजवायची पिक्स घ्यायलाच गेलो होतो. मग तिथून वांद्र्याकडची अजून दोन दुकानं केली. पाय दुखतायत पण डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवतो.

मागच्या महिन्यात रिकाम्या हाताने गेलो होतो तेव्हा काय झालं, तर दुकानातली प्रत्येक गिटार भारी वाटली आणि घरी येऊन माझी लावली तर एकदम मेलेली वाटली, आणि मी जवळजवळ त्याच रात्री पिकअपचा (तारांखालचं चुंबक आणि कॉइल, जे तारेचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलतं) सेट ऑर्डर करणार होतो. नंतर लक्षात आलं की तिथे मी १५ वॅटच्या ट्यूब (व्हॉल्व्हवाल्या) अ‍ॅम्पवर वाजवत होतो, नव्या कोऱ्या तारांवर, आणि घरी छोटा सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवाला) अ‍ॅम्प, तारा तीन महिन्यांच्या. मग कळणार कसं की फरक नक्की कशाचा आहे? म्हणून काल माझ्या स्क्वायर अ‍ॅफिनिटी स्ट्रॅट गिटारला नवीन ९-४२ जाडीच्या तारांचा सेट चढवला आणि माझी तीन मीटरची केबल बॅगेत टाकली. केबल लांब असली की तेवढी ट्रेबल जाते, त्यामुळे तीही तीच हवी.

दुकानातल्या मुलाला म्हटलं, भाऊ मला सगळ्यात साधा अ‍ॅम्प दे, रिव्हर्ब नको, डिस्टॉर्शन नको. तो म्हणाला, "दादा, क्लीनवर सगळं उघडं पडतं हां." तेच तर पाहिजे होतं.

आधी माझी, मग स्क्वायरचीच क्लासिक व्हाइब, मग परत माझी. अदलाबदल करत अर्धा तास काढला. माझ्या गिटारमध्ये पिकअपखाली सिरॅमिक मॅग्नेटची पट्टी आहे आणि वरचे सहा खांब नुसते लोखंडी, क्लासिक व्हाइबमध्ये प्रत्येक खांब स्वतःच अल्निको मॅग्नेट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. हे वाचून माहीत होतं, आज कानाने कळलं. ब्रिजच्या, म्हणजे तारा अडकवतात त्या टोकाच्या पिकअपवर फारसा फरक नाही, खरंच नाही. पण नेकच्या, म्हणजे मानेजवळच्या पिकअपवर आणून डी तारेवर बाराव्या फ्रेटच्या आसपास हळू वाजवलं की क्लासिक व्हाइबचा स्वर गोल येतो, शेवट लांबतो, आणि जोरात मारलं की आवाज नुसता वाढत नाही, बदलतो. माझ्यावर हळू आणि जोरात जवळपास सारखंच. मी गणपतीत मित्रांबरोबर अभंग वाजवतो, तिथे गायकाच्या मागे हळू भरायचं असतं, मला हाच आवाज हवाय, हे आज पहिल्यांदा नीट सांगता आलं.

एपिफोनची लेस पॉलही घेतली हातात. तिच्यात हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये याच्या पेटंटचा अर्ज केला होता, दोन कॉइल उलट जोडून विजेची भुणभुण मारायची. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ५० हर्ट्झची ती भुणभुण दोन गाण्यांच्या मध्ये अख्ख्या हॉलला ऐकू जाते, म्हणून मोह झालाच. पण तिची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २४.७५ इंच आणि माझी २५.५, तारांचा ताणच वेगळा, त्यामुळे तिथला सगळा जाडपणा काही पिकअपचा नव्हता, तो माझ्या लाकडात येणार नाही. शिवाय एका स्ट्रॅटवर पिकअप निवडायच्या स्विचच्या पोझिशन २ आणि ४ ला (शेजारचे दोन पिकअप एकत्र) भुणभुण गप्प झाली, मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट ध्रुवाचा असला की तसं होतं, आणि ते दोन आवाज तर माझे सगळ्यात लाडके. (१९५४ च्या स्ट्रॅटला तीनच पोझिशनचा स्विच होता, लोक तो दोन पोझिशनच्या मध्ये अडकवून हा आवाज काढायचे, पाच पोझिशनचा स्विच यायला १९७७ उजाडलं.) म्हणजे सिंगल कॉइल, एकाच कॉइलचे पिकअपच ठेवायचे, फक्त मधला असा पाहिजे.

यामाहाची पॅसिफिका ११२व्ही पण चांगली वाजली, पण तोपर्यंत कान थकले होते, तिच्याबद्दल काही ठरवत नाही.

घरी आल्यावर एक गोष्ट केली जी खरंतर सहा महिन्यांपूर्वी करायला हवी होती. शेवटचा फ्रेट दाबून तार ते पिकअप अंतर मोजलं. नेकचा पिकअप तारांना जवळजवळ चिकटलेला! मॅग्नेट तारेला ओढतो आणि सूर डगमगतो तो यानेच. स्क्रू फिरवून जाड तारेकडे २.४ मिमी आणि बारीक तारेकडे २ मिमी केलं. लगेच श्वास घेतल्यासारखं वाटलं. दुकानात ऐकलेला फरक निम्म्यावर आला असेल, पुसला गेला नाही. हळू वाजवल्यावरचा तो गोलपणा अजून नाहीच.

म्हणजे आता उत्तर पक्कं आहे: अल्निको ५ चा (अल्निकोचाच एक प्रकार) सेट, मधला उलटा. पॉट्स (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग) २५० किलोओहमचे, आणि मोठे पॉट घेतले तर बॉडीला नाही पण पिकगार्डची भोकं वाढवावी लागतील, ते मी स्वतः करणार नाही. रिपेअरवाल्या काकांना मेसेज टाकलाय, "काका, बुधवारी आणू का? जुने पिकअप फेकू नका, परत द्या." त्यांचं उत्तर आलं, "आण. तारा नव्या आणू नकोस, मी काढणारच आहे."

कालच चढवल्यात. असू दे, उद्या सकाळी त्यांच्यावरच रियाज करतो.