आळस नाही तो

आज सलग नवव्या दिवशी सांगलीत ऊन नाही. आयर्विन पुलावर माणसं कठड्याला टेकून कृष्णेचं पाणी बघत होती. ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. तेव्हापासून आभाळ भरून आलं की पोटात गोळा येतो.

येताना शेजारच्या वहिनींकडे डोकावले. त्या भांगलणीला जातात. पाऊस लागला की काम बंद, हजेरी बंद. गॅसवर तवा पालथा घालून पोराची शाळेची चड्डी वाळवत होत्या, एक बाजू झाली की भाकरीसारखी उलटायच्या. तोंड न वळवताच म्हणाल्या, "ताई, पावसाळ्यात उठूच वाटत न्हाई बघा. घरात म्हणत्यात, आळशी झालीय."

फार वाईट वाटलं. ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचं वर्णन अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं, ते तिकडच्या हिवाळ्यातल्या अंधारावरून. उपाय म्हणून प्रकाश घ्या, चाला, असं सांगतात. वहिनींच्या खोलीला खिडकी एकच, तीही पावसासाठी पत्र्यानं झाकलेली. बचत गटाचा हप्ता तर पाऊस बघून थांबत नाही. यातलं ढगांचं किती आणि हप्त्याचं किती, कसं वेगळं करणार?

मी म्हटलं, "वहिनी, हा आळस नव्हे. दुखणं आहे, त्याला डॉक्टर असतात." टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सांगितला; फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यांनी तो कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायला लावला.

उद्या सकाळी दोघी मिळून फोन लावणार आहोत.